सायगॉनमधील आधुनिक व्हिएतनामी उपाहारगृहात शाकाहारी आईला न्यावे का?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने ते दोघे, माझी पत्नी आणि मी असे चौघे हो चि मिन्ह शहरात (म्हणजेच सायगॉनमध्ये) पाच दिवस आणि त्यानंतर ह्युए येथे दोन दिवस राहणार आहोत. मुंबईहून थेट विमान मिळत असल्याने प्रवासाची काळजी नाही. काळजी आहे ती एका रात्रीच्या जेवणाची. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून माझ्या बहिणीला आम्हां सर्वांना एखाद्या आधुनिक व्हिएतनामी उपाहारगृहात जेवू घालायचे आहे. आठ-नऊ छोटे पदार्थ एकामागून एक आणून देतात, तशा प्रकारचे ते जेवण असेल.

बाबा मूळचे मालवणचे, त्यामुळे मासळीला त्यांची ना नाही. आई मात्र पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका परदेश दौऱ्यात एका हॉटेलने 'भाज्यांचे सूप' म्हणून जे वाढले, ते हाडांच्या रश्शात शिजवलेले होते, हे अर्धा वाडगा संपल्यावर कळले. आई काही बोलली नाही, तिने वाडगा फक्त बाजूला सरकवला. पण पुढचे दोन दिवस ती पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवरच राहिली. तो प्रसंग पुन्हा यायला नको आहे.

आमच्यापैकी कोणीही व्हिएतनामी जेवण आजवर चाखलेले नाही. अशा माणसांनी पहिल्याच भेटीत आधुनिक पद्धतीच्या महागड्या जागी जाणे योग्य ठरेल का, तेथे शाकाहाराची खात्री देता येते का, आणि एकूण खर्च किती गृहीत धरावा, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सायगॉनकर

नमस्कार. कामानिमित्त मी आठ वर्षे या शहरात राहत आहे. (कागदोपत्री नाव काहीही असले तरी इथली माणसे बोलताना सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो.) माझी स्वतःची आई शाकाहारी असल्याने आपल्या प्रश्नाचा हा भाग मी चांगलाच भोगलेला आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. येथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात आणि ती कल्पना बौद्ध आचारातून आलेली आहे. एरवी सर्व काही खाणारी अनेक कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मांसमासे वर्ज्य करतात, आणि कडक पाळणारे तर कांदा-लसूणही सोडतात. आपल्याकडील चातुर्मास पाहिलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दावर विसंबू नये. तो ऐकून वाढपी मांसाचे तुकडे तेवढे बाजूला काढतो, पण 'तोई आन चाय' (मी शाकाहारी जेवतो) म्हटले की त्याला स्वतःच्या आजीचे पौर्णिमेचे ताट आठवते. उच्चार मात्र सपाट ठेवावा, कारण तोच शब्द सूर चढवून म्हटला तर अर्थ 'जळणे' होतो आणि सूर तोडून खाली आणला तर 'पळणे' होतो. पहिल्या वर्षी मी बरेच दिवस लोकांना 'मी खातो पळतो' असे काहीतरी सांगत होतो.

खरी अडचण मांसाची नाही, 'न्युओक माम'ची आहे. मांदेलीच्या जातकुळीतील छोटी मासळी साधारण तीन भाग आणि मीठ एक भाग या प्रमाणात लाकडी पिंपांत भरून सुमारे वर्षभर मुरवतात आणि खाली पाझरणारा तांबूस द्रव गाळून घेतात. फू क्वोक बेटावरच्या या द्रवाला युरोपीय संघानेही २०१२ मध्ये भौगोलिक ओळखीचे संरक्षण दिलेले आहे. आपल्याकडे मीठ जेथे जेथे पडते, तेथे तेथे इकडे हा पडतो: कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, बुडवून खाण्याच्या आंबटगोड पाण्यात आणि परतलेल्या पालेभाजीतसुद्धा. साध्या उपाहारगृहातील टोमॅटोच्या रश्शातला टोफू दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्या पोटात पुष्कळदा डुकराचा खिमा भरलेला असतो.

म्हणूनच माझे मत अनेकांना उलटे वाटेल: शाकाहारी माणसासाठी रस्त्यावरच्या नेहमीच्या दुकानापेक्षा आधुनिक उपाहारगृह अधिक सुरक्षित असते. तेथील स्वयंपाकघर आगाऊ नोंदणीवर चालते, आणि जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी लेखी कळवले तर बरीचशी ठिकाणे एका व्यक्तीसाठी पदार्थांची सबंध निराळी मालिका करून देतात. ईमेल करताना मांस, मासे, अंडे, हाडांचा रस्सा आणि न्युओक माम हे पाचही शब्द स्वतंत्रपणे लिहावेत. उत्तर 'आम्ही मांस वगळू शकतो' असे आले, तर नोंदणी करू नये; 'आमचा चाय मेनू वेगळा आहे' असे आले, तर निर्धास्त जावे.

आता दुसऱ्या प्रश्नाविषयी. जावेच, पण पहिल्या रात्री जाऊ नये. आधुनिक व्हिएतनामी ताट हे जुन्या ताटाशी केलेले बोलणे असते आणि ज्याने मूळ वाक्य ऐकलेले नाही, त्याला उत्तरातली गंमत कळत नाही. ज्याने मिसळ कधी खाल्लेलीच नाही, त्याच्यापुढे चिनी मातीच्या चमच्यात मिसळीचा एक घास ठेवला, तर तो बिचारा काय दाद देणार? येथील 'अनान सायगॉन'चे उदाहरण घ्या. पीटर कुओंग फ्रँकलिन हे दा लात येथे जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले आणि बँकेतील नोकरी सोडून आचारी झालेले गृहस्थ. त्यांनी २०१७ मध्ये भर जुन्या बाजारातील एका अरुंद, उंच घरात हे उपाहारगृह सुरू केले, आणि जून २०२३ मध्ये उपाहारगृहांना तारे देणारी मिशेलिन मार्गदर्शिका व्हिएतनाममध्ये प्रथमच आली तेव्हा हनोईतील तीन जागांबरोबर या शहरातून एकट्या त्यांनाच तारा मिळाला. त्यांच्याकडे 'बान सेओ'चा टाको (मेक्सिकन पद्धतीची सारण भरून दुमडलेली छोटी पोळी) असतो. मूळ बान सेओ म्हणजे तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध यांचा मोठा, कडा कुरकुरीत झालेला पोळा. 'सेओ' हा तव्यावर पीठ पडताना होणारा चर्र आवाज. फुटपाथवर बसून तो पोळा मोहरीच्या पानात गुंडाळून हाताने खाल्लेला असेल, तर तळहातावर मावणाऱ्या टाकोत आचाऱ्याने काय ठेवले आणि काय टाकून दिले, हे लगेच ध्यानात येते. नाहीतर तो नुसता टाको.

तेव्हा पहिले तीन दिवस साधे खावे आणि चौथ्या रात्री तिकडे जावे. आईंसाठी प्रत्येक वस्तीत 'चाय' अशी पाटी लावलेली दुकाने आहेत; तेथे फो (रश्शातल्या तांदळाच्या शेवया), बान सेओ, गुंडाळ्या, सगळे मिळते.

जुना खवय्या

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण असला तरी मला मूळ कल्पनाच पटत नाही. मी २०१९ मध्ये हनोई आणि सायगॉन दोन्हीकडे मिळून बारा दिवस होतो आणि माझे सर्वांत चांगले जेवण गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून झाले. ज्या देशात ६० हजार डाँगला, म्हणजे आपल्या सुमारे २०० रुपयांत, रात्रभर उकळलेल्या रश्शाचा मोठा वाडगा फो मिळतो, तेथे त्याच फोचा एक थेंब काचेच्या नळीतून पाजण्यासाठी हजारो रुपये घेणे याला मी पाककला म्हणत नाही. अशा जागा परदेशी पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी काढलेल्या असतात. आईवडिलांना बेन थान बाजाराच्या आसपास फिरवा, कॉफी पाजा आणि वाचलेल्या पैशांत ह्युएला आणखी एक दिवस राहा.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. तिकडे रात्रीचे जेवण लवकर उरकते. आपण पुण्याच्या सवयीने नऊ वाजता बाहेर पडलात, तर बऱ्याच चांगल्या जागी चुली विझलेल्या सापडतील.

केळफूल

खवय्ये दादांच्या रागाशी मी निम्मी सहमत आहे, पण दुसऱ्या निम्म्यासाठी लिहिते.

मी सावंतवाडीची. गेल्या वर्षी ह्युएला गेले तेव्हा तेथील भाजीबाजारात मला परके असे फार थोडे दिसले. केळफूल होते, मायाळूच्या जुड्या होत्या, नाळीची भाजी होती आणि कोवळ्या फणसाची कुयरीही होती. ह्युएला ती कुयरी उकडून, तिचे धागे सोडवून, तीळ आणि पाला घालून परततात आणि तांदळाच्या पापडाच्या तुकड्याने उचलून खातात. चायच्या दुकानात त्यात कोळंबीऐवजी अळंबी असते. दक्षिणेकडच्या आंबट सारात हादग्याची फुले पडतात, हे मला तेथल्या एका आजींनी टोपलीतले फूल हातात देऊन दाखवले. आम्हां दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता, पण फुलाच्या आतला कडू दांडा काढून टाकायचा ही खूण दोघींनी एकाच वेळी केली.

म्हणून, ताई-दादा, आईंना 'आपण व्हिएतनामी जेवायला जात आहोत' असे सांगून बिचकवू नका. बान सेओ म्हणजे हळद घातलेले, जाळी पडलेले मोठे घावन. 'बान खोत' म्हणजे थेट आप्पेपात्रात केलेले तांदळाचे आप्पे. आणि 'बून' म्हणजे आपले शिरवाळे, फरक एवढाच की आपण ते नारळाच्या गोड रसात बुडवतो आणि ते लोक आंबटतिखट पाण्यात. गवती चहा ते चहात न घालता वाटणात घालतात. ताटाबरोबर ढीगभर कच्चा पाला येतो. त्यातील जांभळ्या देठाची सुगंधी पाने पाहून माझ्या सासूबाई 'तुळस कशी खायची' म्हणून अडल्या होत्या. ती तुळस नव्हे, आपला सब्जा; ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो, त्याच जातीचे ते झाड.

आता आधुनिक जागांविषयी. मी ह्युएला अशा एका ठिकाणी जेवले. तेथे हीच कुयरी एका लहानशा वाटीत आली, वर कुरकुरीत तळलेला कढीलिंबासारखा पाला होता, आणि चव बाजारातल्या कुयरीपेक्षा चांगली होती असे मी म्हणणार नाही. पण बाजारात जे मी भुकेच्या भरात गिळले होते, ते तेथे मला निवांत चाखता आले: आंबटपणा कोणत्या घासाला येतो, तीळ भाजलेला आहे की कच्चा, पाला शेवटी का घातला. ह्याला किंमत किती द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते वर्षातून एकदा द्यायला हरकत नाही, रोज देणारा मूर्ख.

अंड्याचे मात्र लक्षात ठेवा. तिकडच्या नारळाच्या दुधातल्या, मुगाच्या, साबुदाण्याच्या खिरी, ज्यांना ते 'चे' म्हणतात, त्या बहुतेक वेळा चालतात. पण फ्रेंचांकडून आलेल्या कॅरॅमल पुडिंगमध्ये अंडे असतेच, आणि हनोईची प्रसिद्ध फेसाळ कॉफी तर अंड्याचा बलकच फेटून केलेली असते.

सायगॉनकर

खवय्ये साहेब, आपल्या स्टुलावरच्या जेवणाला माझा दंडवत. मी स्वतः आठवड्यातून पाच रात्री तेथेच जेवतो. पण 'परदेशी पाहुण्यांसाठी' हे विधान आता तितकेसे खरे राहिलेले नाही. मागच्या वेळी मी अशा जागी गेलो, तेव्हा आमच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण स्थानिक जोडपे मुलीच्या आजीला घेऊन आले होते, आणि आजी प्रत्येक पदार्थ आल्यावर नातीला काहीतरी सुनावत होत्या. ते सुनावणे ज्या स्वरात चालले होते, त्यावरून 'आमच्या वेळी यात इतकी साखर नव्हती' हेच वाक्य असणार, अशी माझी खात्री आहे.

आणि 'मूळ' म्हणून आपण ज्याचा कैवार घेतो, ते तरी कुठे फार जुने आहे? बान मी या इथल्या सँडविचचा पाव फ्रेंचांबरोबर आला. केळफूल ताईंनी सांगितलेली अंड्याची कॉफी हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन व्हान जांग यांनी १९४६ मध्ये, दुधाचा तुटवडा असताना, दुधाऐवजी बलक फेटून केली. आज तिला सगळे जण परंपरा म्हणतात. या शहरात कोंबडीची 'का री' पावाबरोबर खातात, तिच्यातला मसाला फ्रेंच अमदानीत पाँडिचेरी आणि तमिळ मुलखातून आलेल्या आपल्याच लोकांचा. त्यांनी बांधलेले मरिअम्मन देवीचे मंदिर शहराच्या मध्यभागी आजही आहे आणि तेथे उदबत्ती लावायला येणाऱ्यांत स्थानिक व्हिएतनामीच अधिक असतात. आईबाबांना ते अवश्य दाखवावे. तेव्हा टाकोने विटाळ होईल इतके हे स्वयंपाकघर सोवळे कधीच नव्हते. काचेच्या नळीविषयी मात्र मी आपल्याशी सहमत आहे.

खर्चाचे राहिले होते. नावाजलेल्या जागी टेस्टिंग मेनू, म्हणजे छोट्या पदार्थांची ती मालिका, माणशी २० लाख डाँगच्या आसपास सुरू होतो आणि तेथून वर जातो. साधारण ३०० डाँग म्हणजे एक रुपया धरावा. मेनूवर पुष्कळदा शेवटची तीन शून्ये गाळलेली असतात, म्हणजे '३५०' याचा अर्थ साडेतीन लाख डाँग. आणि किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे दिसली तर सेवाशुल्क आणि कर निराळे आहेत असे समजावे. आठ पदार्थ नको असतील, तर यांपैकी काही जागी सुटे पदार्थही मागवता येतात. चौघांत सहा पदार्थ मध्ये ठेवून वाटून खाणे हीच या देशाची घरची रीत आहे, आणि वडीलधाऱ्यांना 'जेवायला घ्या' असे म्हटल्याशिवाय धाकट्यांनी जेवणाच्या काड्या (चॉपस्टिक्स) उचलायच्या नाहीत, ही रीतही तेथे चालवता येईल. काड्या जमत नसतील तर चमचा मागण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचू नयेत, मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांची ती खूण आहे.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही परत येऊन तीन आठवडे झाले. उशिरा लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सायगॉनकरांच्या सल्ल्यानुसार तीन ठिकाणी ईमेल केले. एकाकडून 'मांस वगळू' असे उत्तर आले, एकाकडून काहीच आले नाही, आणि तिसऱ्याने आईसाठी नऊ पदार्थांची संपूर्ण यादी पाठवून 'अंडे नाही याचा अर्थ दूधही नाही का' असा उलट प्रश्न विचारला. तेथेच गेलो. त्याआधीच्या तीन दिवसांत चायच्या दुकानांत बान सेओ दोनदा, फो एकदा आणि शिरवाळे (आई त्यांना शेवटपर्यंत शिरवाळेच म्हणत होती) रोज, असा अभ्यास झालेला होता.

तरीही एक चूक झालीच. चौथ्या पदार्थावर, भाजलेल्या वांग्यावर, गडद रंगाचे काही थेंब होते आणि आमच्याही ताटल्यांत नेमके तसेच थेंब होते. पत्नीने वाढणाऱ्या मुलीला विचारले, ती आत गेली, आणि दोन मिनिटांत स्वतः आचारी बाहेर येऊन ताटली उचलून घेऊन गेला. ते न्युओक माम आटवून केलेले होते. आईच्या ताटलीसाठी सोयाबीनचे निराळे करून ठेवले होते, पण गर्दीत बाटल्या बदलल्या. आईने त्याला हात लावलेला नव्हता. नवी ताटली दहा मिनिटांनी आली. म्हणून पुढे जाणाऱ्यांना सांगतो: यादी आधी मागवून घेतली असली, तरी प्रत्येक पदार्थ समोर आल्यावर पुन्हा विचारावे. त्यांना त्याचा राग येत नाही.

केळफूल ताई, तुमच्या नावाची कोशिंबीरही त्या यादीत होती. केळफूल काळे पडू नये म्हणून काय करता, असे आईने मला इंग्रजीत विचारायला लावले. लिंबाच्या पाण्यात ठेवतो, असे उत्तर आले. 'आम्ही ताकात' असे आईने सांगितले, तर त्या मुलीने ते आत जाऊन कळवले आणि आतून कोणीतरी ताकाचे स्पेलिंग विचारून पाठवले. बान खोत समोर आल्यावर आईने तो उलटून त्याचा तळ पाहिला, म्हणाली, 'पात्र बिडाचे असणार.'

सेवाशुल्क आणि कर धरून चौघांचे बिल ९३ लाख डाँग झाले, म्हणजे सुमारे ३१ हजार रुपये. आकडा वाचून बाबांनी चष्मा पुसला. खवय्ये साहेब, एक घासाचा फो आम्हालाही पटला नाही. सकाळच्या वाडग्याची सर त्याला मुळीच नव्हती.

पण बाबांच्या मालिकेत सहावा पदार्थ हनोईच्या 'चा का'चा नवा अवतार होता: हळद लावून भाजलेला मासा आणि त्यावर शेपूचा ढीग. आमच्या घरी शेपू शिजत असली की बाबा मुद्दाम फिरायला जातात, हे आम्हां सर्वांना ठाऊक असल्याने कोणी काही बोलले नाही. त्यांनी मासा संपवला, मग ताटलीतली शेपू संपवली, आणि मग माझ्या ताटलीतली मागून घेतली. परवा त्यांनी स्वतः मंडईतून शेपूच्या दोन जुड्या आणि पाव किलो सुरमई आणली. आईने काही न बोलता मासळीचा तवा काढून दिला.